डोकेदुखीचं रजिस्टर

सकाळी साडेनऊला सिस्टरने आरोग्य केंद्राची खिडकी उघडली, टेबल पुसलं आणि रजिस्टर पुढे ओढलं. अकरा वाजेपर्यंत मुलींच्या वसतिगृहातून पाच जणी येऊन गेल्या. पाचही जणींचं डोकं दुखत होतं. काल चौघींचं, परवा सहा जणींचं. या कॉलेजात मुलींना डोक्याखाली काही शरीर आहे की नाही, असं एखाद्याला वाटावं.

सिस्टरला यामागचं कारण ठाऊक नव्हतं असं नाही. रजिस्टरच्या पुठ्ठ्याच्या आत एक कागद चिकटवलेला होता. त्यावर तीन शब्द लाल शाईने अधोरेखित केले होते: पोटदुखी, उलटी, चक्कर. मुलीने यातलं काहीही सांगितलं, तर आधी रेक्टरबाईंना बोलवायचं, मग घरी फोन, औषध त्यानंतर. मुलांच्या वसतिगृहातून कुणी पोट धरून आला, तर त्याला काल काय खाल्लंस एवढंच विचारत. दारावरच्या पाटीवर मात्र ठळक अक्षरांत 'सुरक्षा व आरोग्य केंद्र' असं लिहिलं होतं. सुरक्षा कुणाची आणि कुणापासून, हे विचारायची सोय नव्हती.

सहावी आली ती दुसऱ्या वर्षाची, एका टेलरची धाकटी मुलगी. ही सलग तिसऱ्या दिवशी आली होती.

"डोकं?" सिस्टरने न विचारल्यासारखं विचारलं.

"हो. कालच्याच गोळ्या द्या, सिस्टर. त्यांनी बरं वाटतं."

सिस्टरने गोळ्यांचा डबा उघडला आणि तिचा हात थांबला. मुलगी दारातली एकुलती एक पायरी भिंतीला धरून चढली होती. डोकं दुखणारी माणसं कपाळ धरतात, कंबरेत वाकत नाहीत.

"जरा खोकून दाखव."

"खोकला नाहीये मला."

"दाखव तरी."

मुलगी खोकली आणि तिचा हात पोटाच्या उजव्या बाजूला, खाली गेला. दुसऱ्या क्षणी तिने तो काढून घेतला, पण चोरी पकडली गेली होती. सिस्टरने तिला खाटेवर आडवं केलं. पोट फळीसारखं ताठ झालं होतं आणि अंग तापलं होतं. दोन दिवस आपणच हिला वेदना झाकायच्या गोळ्या दिल्या, हे लक्षात येताच सिस्टरने गोळ्यांचा डबा बंद केला.

"खोटं का बोललीस गं?"

मुलगी छताकडे बघत म्हणाली, "माझ्या ताईने खरं सांगितलं होतं. याच खाटेवर. फोन तुम्हीच केला होतात."

सिस्टरला आठवलं. चार वर्षांपूर्वीची ती उंच मुलगी. पोटदुखी, उलट्या. फोन केला, वडील आले, घेऊन गेले. ती परत आली नाही. दोन महिन्यांत तिचं लग्न झालं, असं नंतर कानावर आलं आणि सिस्टरने ते सोडून दिलं.

तेवढ्यात रेक्टरबाई आल्या. मुली त्यांना दुर्बीण म्हणत. खाटेवर कुणी आडवं झालं की त्यांना कसं कळे, देव जाणे. त्या वाईट बाई नव्हत्या, पण एखादी मुलगी नुसती आजारी असू शकते यावर त्यांचा विश्वासच बसत नसे.

"पोट का?" त्यांनी चष्मा सारखा केला. "किती दिवस? आणि पाळी कधी आली होती?"

"बाई, हिला आत्ता हॉस्पिटलात न्यायला हवं," सिस्टर म्हणाली.

"नेऊ ना. आधी घरी विचारू."

सिस्टरने स्पीकरवर फोन लावला. मागे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं.

"पोट?" वडील म्हणाले. "मोठीचंही पोटच होतं. मी निघतो. तीन तासांत पोचतो. तोवर तिला कुठं हलवू नका. तपासायचं ते माझ्यासमोर."

"अहो, तीन तास नाहीयेत हिच्याकडे."

"सिस्टर, मुलगी माझी आहे."

फोन ठेवला गेला. रेक्टरबाईंनी हात वर केले. "ऐकलंत ना? उद्या काही निघालं तर कॉलेजच्या तोंडाला काळं. मी गाडीची चिठ्ठी देणार नाही."

सिस्टरची चौदा वर्षं नोकरी झाली होती. या चौदा वर्षांत तिने वरिष्ठांचा शब्द मोडला नव्हता. तिने रजिस्टर ओढलं, मुलीच्या नावापुढचं 'डोकेदुखी' खोडलं आणि तिथे मोठ्या अक्षरांत 'पोटदुखी' लिहिलं. मग गाडीची चिठ्ठी स्वतःच लिहिली आणि खाली स्वतःची सही केली.

"यावर माझी सही लागते," रेक्टरबाई म्हणाल्या.

"माहितेय. उद्या माझ्यावर काय करायची ती कारवाई करा."

फाटकावरच्या वॉचमनने चिठ्ठी पाहिली, सही पाहिली आणि मागच्या सीटवर दुमडून पडलेली मुलगी पाहिली. "सही चुकीची आहे, सिस्टर," तो म्हणाला आणि त्याने फाटक उघडलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. सिस्टर चाचरत म्हणाली, "हिचे वडील अजून..."

"वय काय हिचं?"

"एकोणीस."

"मग सही हीच करेल. वडिलांचं काय काम?"

इतकं साधं होतं ते. मतदान करणाऱ्या मुलीला स्वतःच्या पोटासाठी सही करता येते, हे त्या कॉलेजात कुणी कधी उच्चारलंच नव्हतं. सिस्टरनेही नाही.

वडील कॉलेजात चौकशी करून हॉस्पिटलात आले तेव्हा ऑपरेशन संपलं होतं. त्यांच्या गळ्यात माप घ्यायची टेप तशीच लटकत होती. बरोबर माहेरी आलेली मोठी मुलगी होती. वडिलांनी डॉक्टरांना बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "म्हणजे... तसलं काही नव्हतं ना?"

"अपेंडिक्स फुटलं होतं," डॉक्टर म्हणाले. "अजून उशीर झाला असता तर गेली असती. आता वाचेल."

वडिलांनी सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास 'वाचेल' ऐकल्यावर नव्हे, 'अपेंडिक्स' हा शब्द ऐकताच सुटला होता. सिस्टरने ते पाहिलं आणि तिला त्या माणसाचा राग आला. मग आठवलं की याच्या मनात तो संशय पहिल्यांदा फोनवरून घालणारा आवाज आपलाच होता.

मोठी बाकावर सिस्टरशेजारी येऊन बसली.

"ओळखलंत, सिस्टर?"

"ओळखलं. कशी आहेस?"

ती वडिलांकडे नजर ठेवून, ओठ न हलवल्यासारखं म्हणाली, "माझं अजून दुखतं."

"काय? चार वर्षं? कुणाला दाखवलं नाहीस?"

"कुणी नेलंच नाही. मला काय झालं होतं ते सगळ्यांनी आधीच ठरवलं होतं. मग दाखवायचं काय?"

सिस्टर उठली. तिने मोठीचा हात धरला आणि डॉक्टरांच्या खोलीकडे निघाली. वडील टेप सावरत मागोमाग आले. "हिला कुठं नेताय? हिला काय झालंय?"

"तेच विचारायला चाललोय. तुम्ही इथे बसा."

"मी बाप आहे तिचा."

"म्हणूनच सांगतेय, बसा."

सिस्टरने दार लावून घेतलं. आत डॉक्टरांनी खुर्ची दाखवली आणि काय होतंय म्हणून विचारलं. मोठीने आधी बंद दाराकडे पाहिलं, मग सिस्टरकडे.

"डोकं..." ती सवयीने म्हणाली आणि थांबली.

"जे दुखतंय ते सांग," सिस्टर म्हणाली. "आज कुणालाही फोन जाणार नाही."