थांब, तिसरी अजून उठतेय!

अहो, पडद्यावर शोधू नका मला, मी तिथं दिसायची नाही! मी एक फाईल बोलतेय. तलाठ्याच्या कपाटातली नव्हे हं. खर्ड्याच्या एका फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरच्या पोटात मी राहते आणि बटण दाबलं की कामाला लागते. माझ्यात चारदोन हुकूमच लिहिलेत, पण मी नसले तर निम्म्या तालुक्याची लग्नं गायब! थट्टा नाही करत.

मला लिहिलं दीपानं. ती आणि तिचा नवरा प्रशांत हा स्टुडिओ चालवतात. तो कॅमेरा घेऊन लग्नं गाठतो, ती दुकानात बसून त्यांचे व्हिडिओ बनवते. लग्नसराईत व्हिडिओ ठेवायला जागा पुरेना, तेव्हा दीपानं दोन जुन्या डिस्क घेतल्या आणि मधला बांध मोडून दोन भावांची वावरं एक करावीत तशी दोघींची मिळून एकच जागा केली. मग त्यातून हवे तसे तुकडे पाडले, एक व्हिडिओला, एक फोटोंना.

पण यात एक गोम आहे. कॉम्प्युटर सुरू होताना दर वेळी कुणीतरी या डिस्कना हाका मारून गोळा करावं लागतं, तरच ती जागा उघडते. तो मान माझा! मी हाक मारायची, दोघींनी झटकन 'ओ' द्यायची, की मी दार उघडलंच. केवढी मिजास होती मला, विचारू नका.

मग आली तिसरी. कोपरगावच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतली, वयानं थोरली, अंगानं जड. दीपानं तिला बाहेरून वायर लावली आणि त्याच जागेत सामील करून घेतली. नवे व्हिडिओ तिघींवर पसरले. काम इतकं होतं की रात्री दुकान मिटेपर्यंत कॉम्प्युटर एकदाही बंद झाला नाही, त्यामुळे थोरलीचा स्वभाव कुणाला कळलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आली, आजीला घेऊन. पूजाची उद्या जामखेडला हळद, आणि तिथं मोठ्या पडद्यावर तिचं आणि होणाऱ्या नवऱ्याचं, रविराजचं, किल्ल्यावरचं शूटिंग दाखवायचं होतं. त्या शूटिंगला राखण म्हणून छबूबाई आजी गेली होती. प्रशांतनं गंमत म्हणून नवरदेवाचा गॉगल तिच्या डोळ्यांवर चढवला. झालं! आजी तटावरून अशी काही मिरवली, की नवरा-नवरी पडले बाजूला. तेव्हापासून तिचा एकच घोशा, "मला बघू द्या मी कशी दिसती!"

दीपानं बटण दाबलं. मी हाक मारली. दोघींनी ओ दिली. तिसरी? चिडीचूप! आणि मला थांबायचा हुकूमच नव्हता हो. मी पडद्यावर लिहिलं, 'एक डिस्क सापडत नाही', आणि दार लावून गप्प बसले.

प्रशांतचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, कॅमेऱ्यातलं कार्ड मी कालच पुसलं! आता हे गेलं म्हणजे गेलंच की!" त्यानं घाईघाईनं एका मित्राला फोन लावला. मित्र म्हणाला, "फॉरमॅट मार, लगेच चालू होतंय." ऐकून माझे तर प्राण कंठाशी आले. चालू होतंय, पण आतलं सगळं धुऊन!

दीपानं त्याचा हात धरला. "फॉरमॅट मारलात ना, तर मी माहेरी निघाले. कॉम्प्युटरसकट!"

"काय झालं गं पोरी? गागल हारपला व्हय माझा?" आजीनं काळजीनं विचारलं.

"न्हाई आजी, थांबा जरा." दीपानं पडद्यावरचं माझं लिहिणं नीट वाचलं आणि तिसरीच्या पाठीवर हात ठेवला. आतून घरघर येत होती. "अहो, ही मेली नाही! ही आत्ता कुठं उठतेय. आपली फाईलच वाट बघत नाही हिची!"

इश्श! मला लाज वाटली, आणि तिनं मला उघडून लिहायला घेतलं तेव्हा गुदगुल्याही झाल्या. नवा हुकूम आला: तिघी आल्याशिवाय पुढं जायचं नाही, कुणी आली नाही तर थांबून पुन्हा हाक मारायची. पुन्हा बटण. हाक. दोघी हजर. थांबले. पुन्हा हाक. घर्र... घर्र... आणि आली की हो 'ओ'! मला नाचता येत असतं तर मी टेबलावर नाचले असते.

व्हिडिओ सुरू झाला. गॉगल लावलेली छबूबाई तटावर हात पसरून खळखळून हसत होती. खुर्चीतली छबूबाई मात्र बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "दीपा, ह्यो फोटू मोठा करून दी. मी गेल्यावर भिताडाला ह्योच लावायचा. माझा दुसरा फोटू निस्ता आधार कार्डावरला हाय, त्यात मी रडकी दिसती."

"आजी! लग्नाच्या तोंडावर काय अभद्र बोलती!" पूजाचे डोळे भरले.

"अगं, हार घालतान तरी लोकांनी मला हसताना बघू दे की!"

तेव्हापासून थोरली रोज उशिरा उठते आणि मी रोज थांबते. माझी मिजास उतरली, पण मजा वाढली. तुम्हालाही हात जोडून एकच सांगते, कुणी उशिरा ओ दिली म्हणून त्याला पुसून टाकू नका. बरं, येते, दुकान उघडायची वेळ झाली. जाता जाता आत डोकावा. छबूबाईचा तो फोटो दीपानं दर्शनी भिंतीवरच लावलाय, बिनहाराचा. खर्ड्याला आली की आजी आधी तिथं जाते, आणि स्वतःला बघून पोट धरून हसते.