एक्केचाळीस रेघा

बायकोचा सिनेमा गेला, हे स्टोअरकीपरला मंगळवारी सकाळी साडेदहाला कळलं. बायको जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. आता या घरातून आणखी काही जायचं राहिलेलं नाही, अशी त्या सकाळपर्यंत त्याची समजूत होती.

तिच्या टेबलाशी बसून त्याने कॉम्प्युटर चालू केला, हार्ड डिस्कची वायर लावली आणि ती सिनेमा जोडायची ते सॉफ्टवेअर उघडलं. खालच्या बाजूला एक लांब पट्टी असे. तिच्यावर तिने एकेक तुकडा कापून, जोडून ठेवलेला. ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झाली होती. वरच्या चौकटीतही लालच, आणि त्यावर तीन शब्द: फाइल सापडत नाही. त्याने पट्टी पुढे सरकवली. फाइल सापडत नाही. आणखी पुढे. तेच.

घरात तिला सगळे डायरेक्टर म्हणायचे. वीस वर्षं कॅमेरा तिच्याच हातात. कॅमेऱ्याचं कार्ड एकच होतं. भरलं की डिस्कवर ओतायचं, पुसायचं आणि पुन्हा भरायचं. शेवटची दोन वर्षं तिने त्यातून तासाभराचा सिनेमा करायला घेतला होता, तो तिच्या थोरल्या बहिणीसाठी. ताईंची नजर कडेकडेने मिटत चालली होती. सुरळी केलेल्या कागदातून बघावं तेवढंच त्यांना आता दिसत होतं, आणि डॉक्टरांनी तेही दोन-तीन महिन्यांचंच सांगितलं होतं. "ताईची नजर आहे तोवर तिला दाखवते," असं ती म्हणायची. सिनेमा पुरा झाला आणि आठ दिवसांत तीच गेली. या रविवारी ताई तो बघायला येणार होत्या.

त्याने मुलीला फोन लावला.

"बाबा, तुम्ही काही केलंत का?"

"मी कशाला काय करू? नुसतं आवरलं."

"आवरलं म्हणजे?"

"तूच म्हणालीस ना, आईचे व्हिडिओ जरा नीट लावून ठेवा."

"हो, पण काय काय केलंत?"

"नंबर दिले."

पलीकडून मुलगी नुसतं "बाबा..." म्हणाली. तेही अगदी तिच्या आईसारखंच. त्यापेक्षा ओरडा परवडला असता.

चौतीस वर्षं त्याने कारखान्याचं स्टोअर सांभाळलं होतं. बोल्ट असो की बेअरिंग, प्रत्येक वस्तूला नंबर, नंबरप्रमाणे जागा, आणि जागेवर टांगलेलं कार्ड. साहेबांनी डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वस्तू हाताला लागली पाहिजे. बायकोची डिस्क त्याने उघडली तेव्हा आत दोनशे बारा फाइली कशाही पडलेल्या होत्या. नावंही कसली, तर 'गळका नळ', 'नुसतं ऊन', 'आईची चाल'. त्याने चार दिवस मान मोडून काम केलं. तारखेप्रमाणे लावून सगळ्यांना नंबर दिले, एकपासून दोनशे बारापर्यंत. एकही फाइल उघडून बघितली नाही. स्टोअरमध्ये खोका फोडून बघत नाहीत, लेबल बघतात. शिवाय उघडली असती तर तिचा आवाज आला असता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं आता त्याला वाटलं. त्यात डिस्कमधून आवाज यायला लागला. टक्. टक्. मग खर्र. त्याने वायर उपसून काढली आणि डिस्क टॉवेलात गुंडाळून घराबाहेर पडला.

दुरुस्तीचं दुकान तीन गल्ल्या सोडून होतं. दुकानाची मालकीण पन्नाशीची होती. केसांत पेन खोचलेलं आणि कपाळावर भिंगाचा चष्मा चढवलेला. तिने डिस्क कानाशी धरली, लावली, पाच सेकंद ऐकलं आणि लगेच बंद केली.

"काका, हिला घरी किती वेळ चालू ठेवली होती?"

"चार दिवस. अधूनमधून."

"म्हातारं माणूस धापा टाकतंय आणि तुम्ही त्याला जिने चढायला लावताय." मग त्याच्या तोंडाकडे बघून तिने आवाज खाली आणला. "बसा. तुमची दोन दुखणी आहेत. एक डिस्कचं, एक सिनेमाचं. आधी डिस्क. दुसरी प्रत आहे का?"

"नाही. ती म्हणायची दुसरी घेऊ या. मी म्हटलं, एक आहे ना चांगली."

"सगळे असंच म्हणतात. म्हणून तर माझं दुकान चालतं. आणि सिनेमाचं काय झालं?"

त्याने सांगितलं. ती हसली नाही, याचं त्याला बरं वाटलं.

"काका, सिनेमात व्हिडिओ नसतातच. अमुक नावाची फाइल, इथून इथपर्यंत, मग तमुक नावाची, अशी नुसती यादी असते. तुम्ही नावं बदललीत. यादी बिचारी जुन्या नावाने हाका मारत बसली आहे."

"म्हणजे इंडेंट," तो म्हणाला. "मागणीपत्र. माल गोदामात, कागद टेबलावर."

"बरोब्बर. मालाला परत जुनं नाव द्या, कागद त्याला ओळखेल. कुठल्या नंबराचं जुनं नाव काय होतं, ते कुठे लिहिलंय का?"

स्टोअरकीपरच्या जिवात जीव आला. लिहिलं नसेल असं होईल का? घरी जाऊन तो वही घेऊन आला. चार रकाने आखलेले: क्रमांक, तारीख, आकार, शेरा. शेऱ्यात जुनं नाव. बाईने बोट लावून एक पान वाचलं, दुसरं वाचलं. मग बोट थांबलं.

"इथे नुसती आडवी रेघ आहे."

"हो."

"रेघ म्हणजे?"

"म्हणजे..." त्याने वहीची दुमडलेली कड सरळ केली. "जी नावं मला नावासारखी वाटली नाहीत, तिथे रेघ मारली."

त्यांनी रेघा मोजल्या. एक्केचाळीस भरल्या.

बाईने कपाळावरचा चष्मा काढून पुसला, परत चढवला. "आता उठू नका आणि बोलू नका," ती म्हणाली, आणि डिस्कवरचं सगळं एका नव्या डिस्कवर उतरवून घ्यायला लावलं.

दिवसभर तो स्टुलावर बसून होता. पडद्यावर एक आकडा चढायचा. टक् झालं की आकडा थांबायचा आणि त्याचा श्वासही. खर्र झालं की दोन्ही पुढे सरकायचे. चहा आला, गार झाला. संध्याकाळी सहाला आकडा दोनशे नऊवर थांबला आणि पुन्हा हलला नाही. बाईने तीन वेळा प्रयत्न केला. चौथ्यांदा करायला गेली आणि मध्येच हात मागे घेतला.

"नको. आणखी ओढली तर उरलंसुरलंही जाईल. शेवटच्या तीन आल्या नाहीत. त्या काढायच्या तर डिस्क खोलणाऱ्यांकडे पाठवावी लागेल. माझ्या ओळखीची एक प्रयोगशाळा आहे. पण ते एकदाच खोलतात, काका. मिळालं तर मिळालं. नाही तर कायमचं नाही. ते तुम्ही ठरवा."

नवी डिस्क आणि जुनी डिस्क एकेका खिशात घालून तो घरी आला. जुनी त्याने कपाटाच्या खणात ठेवली.

बुधवारी आणि गुरुवारी त्याने वहीतून एकशे एकाहत्तर फाइलींना त्यांची नावं परत दिली. एकेक नाव टाइप झालं की पट्टीवरचा एकेक लाल तुकडा विझायचा आणि तिथे चित्र उभं राहायचं. त्याने चित्रांकडे बघायचं टाळलं. त्याचा डोळा लालवर होता.

शुक्रवारी रेघांची पाळी आली. पट्टीवर नावं होती, नावापुढे फाइल नव्हती. आता खोके फोडण्यावाचून इलाज नव्हता. तो एकेक बिननावाची फाइल उघडून बघू लागला. पहिल्याच फाइलीत तिचा आवाज आला, "अहो, जरा बाजूला व्हा, उजेड अडवताय." तो खुर्चीत खरोखरच बाजूला सरकला.

'नुसतं ऊन' त्याला सापडलं. स्वयंपाकघराच्या फरशीवर ऊन पडलं होतं आणि मिनिटभर दुसरं काही नव्हतं. 'गळका नळ' मात्र सापडेना. न्हाणीघर नाही, मोरी नाही, नळ कुठेच नाही. 'आईची चाल' शोधताना त्याने सासूबाईंचे सगळे व्हिडिओ पालथे घातले. ज्याला 'आईची चाल' म्हणावं त्याची लांबी पट्टीवरच्या तुकड्याशी जुळत नव्हती, आणि लांबी जुळे त्यात आई नव्हती. जेवण राहून गेलं. संध्याकाळपर्यंत चार जुळले. सदतीस बाकी, आणि रविवार परवावर.

शनिवारी सकाळी त्याने दोनदा फोन उचलून खाली ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

"बोला जावईबुवा," ताई म्हणाल्या. चाळीस वर्षं त्या त्याला असंच चिडवत आल्या होत्या. "उद्या माझं तिकीट पहिल्या रांगेतलं ठेवलंय ना? मागचं मला दिसायचं नाही."

"ताई, सिनेमा माझ्या हातून बिघडला."

त्याने सगळं सांगितलं. नंबर, वही, रेघा. ताई ऐकत राहिल्या.

"तुम्हाला तिची नावं नावासारखी वाटली नाहीत," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही वाटली."

"चांगलंच केलंत. आता वाचा. मोठ्याने वाचा. माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत."

"गळका नळ."

"अहो, ती तुमची लेक! नातीच्या शाळेचा पहिला दिवस. दारात उभी राहून तास-दीड तास गळत होती. आम्ही लहानपणी एकमेकींना तेच म्हणायचो."

"आईची चाल."

"तुमची नात. एक हात पाठीवर ठेवून चालते, बघितलं नाहीत कधी? हुबेहूब आमची आई."

"उंदराला मांजर साक्ष."

ताई इतक्या हसल्या की फोन खरखरला. "काचेचं भांडं मी फोडलं आणि साक्ष हिने दिली. दोघी धडधडीत खोटं बोलतोय आणि वर शूटिंगही करतोय. निळ्या पडद्याच्या खोलीत आहे बघा."

"बडे साहेब."

"बरं, पुढचं वाचा."

"ताई, बडे साहेब कोण?"

"कोण म्हणजे? कारखान्यात तपासणी होती त्या दिवशी टाय बांधून आरशासमोर कोण उभं होतं? तीनदा सोडला, तीनदा बांधला. ती दाराआडून काढत होती. तुम्हाला पत्ता नाही."

त्याने ती फाइल शोधली. होती. आरशात एक माणूस गळ्याशी झटापट करत होता आणि कॅमेरा हसू दाबल्यामुळे हलत होता.

तीन तास ते बोलत होते. ताई सांगत गेल्या, तो नाव देत गेला, लाल विझत गेलं. शेवटी तीन नावं उरली. तिन्ही पट्टीच्या टोकाला होती. दोन ताईंनाही लागली नाहीत. तिसरं वाचताना त्याने आधी ते मनात वाचलं.

"ह्यांना आत्ता दाखवायचं नाही."

"हे मला ठाऊक नाही," ताई म्हणाल्या. मग हळू आवाजात विचारलं, "तारीख कधीची आहे?"

त्याने वही उघडली. दोनशे दहा, दोनशे अकरा, दोनशे बारा. डिस्कमधून न उतरलेल्या तीन फाइली याच. तिन्हींसमोर त्याच्याच हातच्या तीन सरळ रेघा. दोनशे बारा आकाराने तिन्हींत मोठी, आणि पट्टीवर या शेवटच्या नावाची जागा तिन्हींत लांब, म्हणजे हे नाव तिचंच. त्या तारखेला तो तिचे रिपोर्ट आणायला गेला होता आणि रांगेत चार तास उभा होता. ती घरी एकटी होती.

रविवारी मुलगी आणि ताई आल्या. ताईंची खुर्ची पडद्यापासून वीतभर अंतरावर ठेवली. डोकं इकडून तिकडे फिरवत त्या चित्र तुकड्यातुकड्याने बघत होत्या, आणि बघून झालं की काय चाललंय ते दोघांना सांगत होत्या, जणू डोळे त्या दोघांचे गेले होते. 'गळका नळ' लागल्यावर मुलगी म्हणाली, "हे कोणी ठेवलं यात?" ताई म्हणाल्या, "डायरेक्टरने. तक्रार तिकडे कर."

छप्पन्नाव्या मिनिटाला पडदा लाल झाला.

"हे काय?" ताईंनी विचारलं. लाल त्यांनाही दिसलं होतं.

"तिथला माल आला नाही अजून," तो म्हणाला.

मुलीने पुढे सरकवायला हात नेला. ताईंनी तो धरला. "असू दे. तिने ठेवलंय तेवढं होऊ दे."

दोन लहान जागा लगेच सरल्या. तिसरी चार मिनिटं दहा सेकंद होती. तिघं लाल पडद्याकडे बघत बसली. मग सिनेमा संपला.

जाताना ताईंनी दारात विचारलं, "ती डिस्क पाठवणार ना? मला अजून दिसतंय, तोवर?"

"पाठवतो," तो म्हणाला.

त्याला आता सोळा दिवस झाले. खोका आणला आहे, आत कापूस भरला आहे, प्रयोगशाळेचा पत्ता वरून लिहिला आहे. ते एकदाच खोलतात. ताईंचा दर दोन दिवसांनी फोन येतो. त्या डिस्कचं विचारत नाहीत, आज किती दिसलं तेवढं सांगतात. तीन जागा अजून लाल आहेत, आणि खोका अजून टेबलावर आहे.