मामाला नंबरच नाही

अगं, ऐक तर आधी, मधे बोलू नकोस. माझा मामा शाळेची व्हॅन चालवतो ना, त्याने परवा परत आरसा फोडला. सरळ फाटकाला घासून! आईला वाटलं, हा पिऊन चालवतो. मलाही तेच वाटलं. मी मुद्दाम जवळ जाऊन वास घेतला, तर नुसती खोकल्याची गोळी.

मग जेवताना मी गुपचूप त्याच्या पाण्याचा पेला बाजूला सरकवला. त्याचा हात लागला आणि पेला आडवा! आणि हाच माणूस गोळ्यांच्या पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं धडाधड वाचतो. म्हटलं, हा नाटक करतोय.

"डोळे दाखव," आई म्हणाली.

"ताई, चष्म्याच्या दुकानात दरवर्षी दाखवतो. मला नंबरच नाही!"

तरी मी त्याला ओढून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तक्त्यावरची शेवटची ओळ त्याने गाणं म्हटल्यासारखी वाचली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग डॉक्टरबाईंनी त्याला एका पांढऱ्या मशीनपुढे बसवलं. दिवा दिसला की बटण दाबायचं. व्हॅनची किल्ली माझ्याकडे देऊन तो बसला. बराच वेळ अंगठा हललाच नाही गं! मला वाटलं, झोपला.

बाई म्हणाल्या, "डोळ्यातला दाब वाढलाय. समोरचं अक्षर स्पष्ट दिसतं, पण कडेचं सगळं गेलंय. नळीतून बघितल्यासारखं. नजर इतकी आकसली, की शेवटची ओळ वाचणाराही अंधच धरला जातो. गेलेलं परत येणार नाही. आजपासून थेंब टाकले तर उरलेलं बहुतेक टिकेल. गाडी मात्र बंद."

बाहेर आल्यावर मामा भडकलाच. "अंध? नंबर नाही तो माणूस अंध? यांना थेंब खपवायचेत, दुसरं काय! आण ती किल्ली, शाळा सुटेल आता."

"मामा, बाई काय म्हणाल्या..."

"टाकीन गं थेंब. पण ताईला गाडीचं बोलू नकोस, शहाणे. व्हॅन थांबली तर मी काय करू, घरात बसून भिंती बघू?"

मी हात कडेला लांब करून तळवा उघडला. किल्ली उन्हात चमकत होती. तो सरळ माझ्या तोंडाकडे बघत होता, डोळे असे टपोरे.

"दे ना! कुठे ठेवलीस?"

मुलं तिकडे फाटकाशी उभी असणार. आणि मी तशीच उभी, हात लांब करून. तू काय केलं असतंस गं?