शेजारी गेलेली वेलांटी

असं समजा बाळांनो, की तुम्ही बाहेरून दमून घरी आलात. खोलीत अंधार आहे. तुमचा हात आपोआप दाराशेजारच्या भिंतीवर जातो, कारण दिव्याचं बटण तिथं आहे. रोज असतं. आज मात्र हात नुसताच भिंतीवर फिरतो. तुम्ही ओरडता, "बटण कुठं गेलं?" आणि आतून कुणीतरी खुशीत सांगतं, "अरे, हलवलं! आता पलंगामागे आहे. तिथंच जास्त सोयीचं!"

सोयीचं असेलही. पण तुम्ही अंधारात उभे आहात आणि तुमचा गुडघा टेबलावर आपटला आहे. त्या गुडघ्याला काय वाटतं ते लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीतल्या आत्याचं तसंच झालं होतं.

ही आत्या एका लहान छापखान्यात काम करायची. लोक हातानं लिहून आणत, ते ती संगणकावर टाइप करून द्यायची, मग त्याची पानं छापली जायची. तिची जागा मागच्या खोलीत होती. एका बाजूला कोऱ्या कागदांचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला खिडकी आणि सगळीकडे शाईचा वास. टाइप करताना ती पडद्याकडे बघायचीच नाही. डोळे कागदावर, बोटं कळांवर. कुणी मूठ मूठ खडे पत्र्यावर टाकतंय असा आवाज व्हायचा.

शाळा सुटली की तिची भाची तिथंच येऊन बसे. ही मुलगी दिवसभर "का? का?" करायची, म्हणून घरात तिचं नाव कावळी पडलं होतं. तिलाही ते आवडायचं.

आत्याच्या संगणकावर जी प्रणाली होती, म्हणजे ज्याच्या जोरावर संगणक चालतो ते, ती एका मोठ्या कंपनीकडून विकत घेतलेली होती. बरीच वर्षं तिनं कधी त्रास दिला नाही. मग हळूहळू ती फार काळजी करायला लागली. ऐन कामात म्हणायची, "तुमच्यासाठी नवीन काहीतरी आणलंय, आत्ता लावू का नंतर?" आत्या 'नंतर' म्हणायची. एका सकाळी तिनं विचारलंच नाही. पडद्यावर एक चक्र गरगरत राहिलं, आणि ते थांबलं तेव्हा आत्याचं टायपिंगचं जुनं साधन उघडेना. आत्यानं कंपनीला फोन केला. आधी गाणं ऐकवलं, मग एक मुलगा फार गोड बोलला. म्हणाला, "मॅडम, ते आम्ही आता सांभाळत नाही. तुम्ही नवीन यंत्र घ्या."

छापखान्याच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी नवीन यंत्राचं नाव ऐकलं आणि चष्मा पुसत बसले. शेवटी कावळीचा मामा मदतीला आला. मामाला फुकट मिळणाऱ्या खुल्या प्रणालीचं भारी वेड होतं. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेली, कुणीही उघडून बघावी, हवी तशी बदलावी अशी. निम्म्या गल्लीच्या संगणकांवर त्यानं ती बसवली होती. त्यानं अण्णांच्या त्याच जुन्या यंत्रावर ती चढवली, कळफलकही, म्हणजे कुठल्या कळेला कुठलं अक्षर ती मांडणी, आत्याच्या ओळखीचा लावून दिला आणि हात झटकले. "बघा ताई, एकदम सोपं!"

अण्णा म्हणाले, "फुकट ते पौष्टिक."

आता ऐका काय झालं. मुलांनी लिहिलेल्या कवितांचं एक पुस्तक छापायचं होतं. आत्यानं नेहमीसारखी न बघता पानं टाइप केली. अण्णांनी ती हातात घेतली आणि पहिल्याच ओळीवर थबकले. वर मोठ्या अक्षरात होतं, 'मुलांच्या किवता'. खाली 'हरिण'चं 'हिरण' झालेलं. 'गणित'चं 'गिणत'. 'आणि' तर वाचताच येईना.

अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "शनिवार संध्याकाळपर्यंत स्वच्छ पानं मिळाली तर ठीक. नाहीतर हे काम बाहेर देतो. आणि ताई, तुम्ही मग पुढच्या खोलीत बांधणीला बसा. पानं मोडायची, शिवायची. तिथं काही बिघडत नाही."

बांधणी काही वाईट काम नव्हे. पण जिची बोटं आयुष्यभर अक्षरांवरून पळाली, तिला आता कागदाला घड्या घाल म्हणायचं.  आत्या रोज पानं टाइप करायची, रोज चुका शोधत बसायची. एक दुरुस्त केली की दुसरी निघायची. आणि शनिवार उजाडला.

दुपारी मामा परत आला. आत्यानं त्याच्याकडे न बघताच म्हटलं, "ये. तुझी सोपी गाय बघ, लाथा मारतेय."

मामानं पान वाचलं. "ताई, कळफलक तोच आहे. सगळी अक्षरं जिथल्या तिथं आहेत. मग चुकता कशा? नाचता येईना अंगण वाकडं, असं नको म्हणू ना मी?"

"अरे, अंगण तू बदललंस. आणि वर मलाच म्हणतोस नाच!"

"पण जुनं आता चालणार होतं का ताई? ते यंत्र थोडं नवं असतं तर..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," आत्या म्हणाली. कावळीला हसू आलं. मामाला आलं नाही. तो स्टुलावर बसला आणि कपाळ चोळायला लागला. गल्लीत रोज कुणाकडे तरी छापण्याचं यंत्र जोडलं जात नसे, कुणाच्या संगणकातून आवाज येत नसे. "बनवलं कुणी, शिव्या मला," तो म्हणाला. "आभार एकानं मानले नाहीत अजून."

कावळी तेवढ्यात पान वाचत होती. तिनं विचारलं, "आत्या, किवता म्हणजे कीव येणारी कविता का गं?"

"हो. माझी येणारी."

"आणि हे बघ, शनिवारचं शिनवार झालंय."

आत्यानं पान घेतलं, बघितलं, आणि आठवड्यात पहिल्यांदा थोडी हसली. "शिनवारच आहे. सगळ्या आठवड्याचा शीण आज आलाय."

पण कावळी हसायची थांबली होती. "आत्या, बघ ना. वेलांटी हरवत नाहीये. ती शेजारी जातेय. न वरची श वर. व वरची क वर. दर वेळी आधीच्याच घरी. का?"

"तुझं का सुरू झालं वाटतं."

"तू शनिवार टाइप कर. पण हळू. अगदी हळू."

आत्याला हळू येईना. बोटं आपली भरकन जायची. शेवटी कावळीनं तिचा हात धरला आणि एकेक कळ दाबायला लावली. श. मग वेलांटी. मग न.

"थांब! तू वेलांटी आधी देतेस?"

"मग केव्हा देतात?"

"नंतर. न झाल्यावर."

आत्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "नंतर? अगं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते ना? डावीकडची गोष्ट आधी यायची."

बाळांनो, इथं दोघींचंही बरोबर होतं, म्हणून जरा थांबू. आत्या टायपिंग शिकली ती लोखंडी टंकलेखन यंत्रावर. त्या यंत्राला उच्चार कळत नसे, त्याला फक्त डावं-उजवं कळे. 'नि' हवा तर आधी डावीकडची वेलांटी ठोकायची, मग न. संगणक आला तेव्हा जुन्या साधनानंही तीच रीत ठेवली होती. नव्या प्रणालीनं उच्चार धरला. तोंडानं म्हणून पाहा: आधी न येतो, मग इ. म्हणून तिच्या हिशेबानं वेलांटी मागून येते. आत्यानं आधी दिली की ती बिचारी मागे वळते, दिसेल त्या पहिल्या घरात शिरते.

मामा टुणकन उठला. "एवढंच ना! मग सोपं आहे. ताई, आजपासून वेलांटी नंतर द्यायची. झालं!"

आत्यानं खरंच प्रयत्न केला. एक शब्द जमला. दुसऱ्याला बोट आपणहून आधी गेलं. तिसऱ्याला ती मध्येच अडली आणि सगळी ओळच हरवली. ती थांबली. हात मांडीवर ठेवले.

"तुला उद्यापासून आधी बूट आणि मग मोजे घाल म्हटलं तर?" ती मामाला म्हणाली. "समजायला सोपंच आहे ते. पायाला सांगून बघ."

 पुढच्या खोलीतून छपाईचा ठेका ऐकू येत होता.

"मामा," कावळी म्हणाली, "तू म्हणालास ना, यात सगळं बदलता येतं?"

"येतं."

"मग आत्याला कशाला बदलतोस? त्याला बदल ना."

 मामानं स्टूल पुढे ओढलं आणि तो इंटरनेटवर शोधायला लागला. एका ठिकाणी लिहिलं होतं, आधी नीट वाचा, मग विचारा. दुसरीकडे दोन माणसं कुठली रीत शुद्ध यावर भांडत होती, आणि भांडणच उरलं होतं, उत्तर नव्हतं. कावळीला जांभया यायला लागल्या. मग एका कोपऱ्यात, कुण्या अनोळखी माणसानं बनवून ठेवलेला एक कळफलक सापडला. हा वेलांटी हातात धरून ठेवायचा, पुढचं अक्षर आलं की मगच त्याच्यावर बसवायचा.

मामानं तो लावला. "ताई, टाका."

आत्यानं टाइप केलं. शनिवार. कविता. गणित. हरिण. सगळ्या वेलांट्या आपापल्या घरी. कावळीनं टाळी वाजवली. आत्याची बोटं पळायला लागली, पत्र्यावर खडे पडायला लागले. मग तिनं पडद्याकडे पाहिलं आणि खडे थांबले.

'परिसि्थती.'

"जोडाक्षर," मामा हळूच म्हणाला. "वेलांटी पूर्ण जोडाक्षरासाठी थांबत नाही. पहिला तुकडा आला की त्याच्यावरच बसते. ज्यानं बनवलं त्याच्या ध्यानात आलं नसेल."

आत्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "राहू दे रे. मी बसते बांधणीला. जुनं होतं ते मला न विचारता सगळं करायचं. हे मला सगळंच विचारत बसतं. दोघांपैकी कुणालाच ठाऊक नाही, की इथं कोण बसलंय. मला भांडायचा कंटाळा आलाय."

ती रागानं बोलली नाही. खूप चालून आलेलं माणूस पायरीवर बसतं ना, तसा तिचा आवाज झाला होता. 

"मामा, हे ज्यानं बनवलंय, त्याला सांगता येतं?" कावळीनं विचारलं.

"येतं. इथं खाली लिहायचं. पण उत्तर येईलच असं नाही हं. त्यालाही पोटापाण्याचं काम असेल. हे त्यानं रिकाम्या वेळात केलंय."

"आणि आत्या, त्या जुन्या कंपनीला सांगता यायचं?"

आत्यानं जरा विचार केला. "फोन लागायचा. बोलायचेही छान. पण सांगता... नाही, सांगता नाही यायचं."

"मग ऊठ. मला बसू दे."

आत्या उठली. कावळी खुर्चीवर चढली आणि त्या अनोळखी कळफलकावर एकेक कळ शोधायला लागली. "ल कुठंय? आणि वेलांटी आधी ना?"

"आधी. करंगळी नाही गं, मधलं बोट. मनगट टेकवू नकोस."

खूप वेळ लागला. लिहून झालं ते असं होतं: 'तुमची वेलांटी छान बसते. पण जोडाक्षर दिसलं की घाई करते. आमच्या आत्याची परिसि्थती बघा.'

मामानं चूक सुधारायला हात पुढे केला. कावळीनं त्या शब्दावर पंजा ठेवला. "नको. त्याला दिसू दे."

दारात अण्णा उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक. "काय मग ताई? देऊ का बाहेर?"

आत्यानं चष्मा उचलला. काचा पदराला पुसल्या. "आता जोडाक्षरंच चुकतायत. तेवढी हातानं बसवते. पानं मिळतील संध्याकाळी."

"नक्की?"

"नक्की. आज शिनवार आहे, जरा हळू मिळतील."

अण्णांना शब्द कळला नाही, पण ते गेले. मामा म्हणाला, "ताई, प्रत्येक वेळी थांबून बघावं लागेल पडद्याकडे. तुम्हाला सवय नाही."

"नाही ना," आत्या म्हणाली, आणि नुसतीच उभी राहिली.

कावळीनं पाठवायची कळ दाबली. मग खुर्चीवरून उतरली, आत्याला बसवलं, कवितांचे हाताने लिहिलेले कागद तिच्यापुढून ओढून घेतले आणि मामाच्या खिशातली पेन्सिल काढली. जिथं जिथं जोडाक्षरावर ऱ्हस्व वेलांटी असेल, तिथं ती आधीच गोल करून ठेवणार होती. म्हणजे आत्याला पडद्याकडे बघायला नको, कागदावर गोल दिसला की तिथंच हात सावकाश. ती ओठ हलवत पहिली कविता वाचत गेली. एका झाडाची होती. दुसऱ्या ओळीत ती थांबली, आणि 'निश्चिंत' या शब्दाभोवती तिनं पहिला गोल काढला.