दुधी चिरला, दंड नाही

तलवार खाली आली आणि दुधीचे दोन तुकडे मॅटवर गडगडत गेले. सकाळीच इंडियन स्टोअरमधून आणलेला, हातभर लांब, टणक दुधी! क्रू अंकुरने पातं पुसलं, बाही वर सारली, तीच तलवार स्वतःच्या उघड्या दंडावर टेकवली आणि डोळे मिटून सर्रकन ओढली.

रक्ताचा थेंब नाही. एक पांढुरकी रेघ उठली आणि बघता बघता विरली.

“साधू! साधू! साधू!” पन्नास माणसांचं अनुमोदन त्या बुटक्या छताखाली घुमलं. सुलेखा मावशींनी तर डोळे पुसले.

“स्टील तेच, धार तीच,” क्रू अंकुर म्हणाला. “मग फरक कशात? फ्रीक्वेन्सीमध्ये! पाली गाथेचं व्हायब्रेशन एकदा हाडात शिरलं ना, की स्किनचे मॉलिक्यूल लॉक होतात. मोठमोठ्या लॅबवाल्यांना हे आत्ता कुठे कळायला लागलंय.”

मॉलिक्यूल लॉक होतात म्हणे! केमिस्ट्रीच्या पेपरात उपासनाने असं काही लिहिलं असतं तर टीचरने तिलाच लॉक करून ठेवलं असतं. तिला हसू आलं, पण ते ओठांवर पोचायच्या आतच तिची नजर भिंतीकडे गेली. तिचा धाकटा भाऊ आयुष तिथे टेकून उभा होता. ट्यूबलाइटचा उजेड सहन होत नसल्यासारखा त्याने एक डोळा मिटून घेतला होता. हसू तिथल्या तिथे विझलं.

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावात, रूट नाइनवर, लाँड्री आणि पिझ्झाचं दुकान यांच्या मधोमध हा हॉल होता. अंकुर तिथे मुए थाई शिकवायचा, म्हणजे लाथा, गुडघे आणि कोपरं वापरून खेळायची थायलंडची झुंज. क्रू म्हणजे थाई भाषेत गुरुजी. अंकुर मूळचा नागपूरचा, थायलंडात अकरा आठवडे राहून आला आणि गुरुजी झाला. लाथ मारायला तो छान शिकवायचा, उगाच खोटं कशाला बोला? पण नुसत्या लाथांना पन्नास माणसं थोडीच जमतात?

आणि ही माणसं काही भोळीभाबडी नव्हती. यांच्या दिवाणखान्यात बाबासाहेबांचा फोटो, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. एखादा जटाधारी बुवा दारात आला असता तर पायरीवरूनच परत गेला असता. उपासनाचे पप्पा, अतुल, कुणाच्या गाडीत लिंबू-मिरची दिसली तर भर पार्टीत लेक्चर झोडायचे. पण अंकुर आला तो “जय भीम” म्हणत. त्रिशरण-पंचशील त्याने एकदाही न अडखळता म्हटलं. शिवाय सगळ्यांच्या मनगटावर तो बांधायचा तो संरक्षणाचा धागा काळा नव्हता, पांढरा होता. झालं! सगळ्यांच्या शंका बुटांबरोबर दाराबाहेर राहिल्या.

“आता ऐका,” तलवार म्यानात सारत अंकुर म्हणाला. “पुढच्या रविवारी डेमो फाइट. आपला आयुष, आणि समोर वुस्टरच्या जिमचा मुलगा. तो वीस पाउंड जास्त आहे, असू दे. आयुष हेडगिअर घालणार नाही. ज्याच्या हातात धागा, त्याला मार लागत नाही. कवचावर कवच घालायचं म्हणजे शंका घेणं. आणि शंका घेतली, की कवच फुटतं.”

टाळ्या पडल्या. उपासनाच्या आईनेही वाजवल्या, जरा हळू.

घरी येताना गाडीत उपासनाने तोंड उघडलं. “पप्पा, तीन आठवड्यांपूर्वी त्याला डोक्यात लाथ बसली होती. डॉक्टर काय म्हणाले होते? डोकं दुखायचं थांबेपर्यंत फाइट नाही.”

“थांबलंय ना. काय रे आयुष?”

“आय अ‍ॅम फाइन,” आयुष खिडकीकडे बघत म्हणाला.

“बघ. आणि धागा बांधल्यापासून पोरगं शाळेत हात वर करून बोलतं. रिझल्ट दिसतोय, उपासना.”

“पप्पा, गंडा आहे तो! साधा गंडा.”

“गंडा नाही. परित्राणाचा, रक्षणाच्या पाठाचा धागा आहे,” पप्पांचा आवाज चढला. “आपल्या विहारातही बांधतात.”

“विहारात बांधतात तेव्हा कुणी हेडगिअर काढायला सांगत नाही.”

“पुरे,” आई म्हणाली. “दोघांनीही.”

दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, याच कामाचा पप्पांना पगार मिळायचा. पण तपासायची सवय ते ऑफिसातच ठेवून येत असावेत.

बुधवारी शाळेतून आल्यावर बाथरूमचा नळ बराच वेळ वाहत होता. उपासनाने दार ढकललं. आयुष कमोडपुढे गुडघ्यांवर बसलेला, तोंड पांढरंफटक.

“कितव्यांदा?” तिने विचारलं.

“ताई, प्लीज. डोन्ट टेल.”

“डोकं रोज दुखतंय?”

त्याने मान हलवली. “पण मी म्हटलं की दुखतंय, तर तो डाउट होतो. मग कवच ब्रेक होतं. क्रूने सांगितलंय. आणि मग तो मुलगा मला मारेल आणि… माझीच चूक असेल.”

धाग्याने मार थांबत नव्हता. धाग्याने फक्त तक्रार थांबत होती! पोराचं तोंडच बांधलं होतं त्याने.

संध्याकाळी तिने सगळं आईपप्पांना सांगितलं. पप्पांनी आयुषला विचारलं. आयुष म्हणाला, “आय अ‍ॅम फाइन.” आणि ताईकडे असं बघितलं, की जणू त्याचं कवच तिनेच फोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती हॉलवर गेली. लहान मुलांचा क्लास नोई नावाची थाई बाई घ्यायची. बुटकी, पन्नाशीची, दोनदा मोडलेलं नाक. दंडावर जुन्या फुलाफुलांच्या कापडाची पट्टी.

“तुमचा पण विश्वास आहे ना या धाग्यांवर?” उपासनाने जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

“ही माझ्या आईच्या लुंगीची पट्टी,” नोई म्हणाली. “हिच्यामुळे पाय थरथरत नाहीत. लढतीआधी मी आईला, गुरूंना, बुद्धांना नमस्कार करते. डोक्यावरचं पवित्र कडं मात्र घंटा व्हायच्या आधी उतरवतो आम्ही. मग दातांवर गार्ड चढवतो.” तिने नाकाला हात लावला. “श्रद्धा मला उभी ठेवते, मुली. समोरच्याचं कोपर ती अडवत नाही.”

“मग तुम्ही बोलत का नाही?”

“मी त्याला सांगितलं, मुलाला झुंजवू नकोस. तो म्हणाला, तुझी श्रद्धा कमी पडते.” ती चटया गुंडाळू लागली. “तलवारीच्या वेळी लोक त्याचा चेहरा बघतात. तू चेहरा नको बघूस.”

उपासनाने फोनवरचा गेल्या रविवारच्या तलवारीच्या खेळाचा व्हिडिओ उघडला आणि तो पुन्हा पुन्हा, अगदी हळू करून पाहिला. सहाव्या वेळी ती पलंगावरून ताडकन उठली.

रविवार उजाडला तो राखेच्या रंगाचा. हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. आयुषने ग्लोव्हज घातले होते, डोकं उघडं होतं, आणि तो मधूनच तोल सावरत होता. समोरचा मुलगा दारात मावेल न मावेल असा. आईने पर्स छातीशी घट्ट धरली होती.

लढतीआधी तलवारीचा खेळ झाला. दुधी चिरला, दंड नाही. साधू, साधू, साधू.

“कुणाला शंका?” अंकुरने हसत विचारलं.

“मला,” उपासना म्हणाली. ती पुढे गेली. “क्रू, तुम्ही दुधी चिरता तो टोकाकडच्या पात्याने. आणि दंडावर ओढता ते मुठीजवळचं पातं. दर वेळी. आज दुधी मुठीजवळ चिरून दाखवा ना.”

“उपासना!” पप्पा ओरडले.

“बेटा, ही अभिमंत्रित तलवार आहे. किचनमधली सुरी नाही,” अंकुर म्हणाला.

“ठीक आहे, मग मी चिरते.” तिने जॅकेटच्या खिशातून टोमॅटो काढला. चांगला पिकलेला, लालबुंद. स्टँडवर ठेवलेल्या तलवारीच्या मुठीजवळ तिने तो दाबला आणि ओढला. टोमॅटो चेपला, घसरला. साल जशीच्या तशी! मग तिने तोच टोमॅटो जपून टोकाजवळ नुसता टेकवून ओढला. रस मनगटावरून खाली ओघळला.

मागच्या रांगेतले लोक माना उंचावून बघू लागले.

“अर्धं पातं कानशीने घासून बोथट केलंय,” ती म्हणाली. “बस. एवढाच चमत्कार.”

अंकुर क्षणभर गडबडला, मग त्याने दोन्ही हात वर केले. “बघितलंत? माझ्या गाथेचं कवच त्या टोमॅटोलाही मिळालं!”

“अर्ध्याच टोमॅटोला?” मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं फिसकन हसले.

“मग तुमचा दंड टोकाजवळ ठेवा, क्रू,” उपासना म्हणाली.

अंकुर एक पाऊल मागे सरकला.

“नको, खरंच ठेवू नका. तुम्ही मागे सरकता का, एवढंच बघायचं होतं.”

पप्पा पुढे आले. कुणाशी न बोलता त्यांनी खिशातली पावती काढली आणि पात्यावरून फिरवली, मुठीपासून टोकापर्यंत. निम्म्यापर्यंत कागद नुसता दुमडला; पुढे त्याचे दोन तुकडे झाले. त्यांनी तसंच पुन्हा एकदा केलं. मग ते आयुषपुढे गुडघ्यांवर बसले.

“आता खरं सांग. काही फुटत नाही. दुखतंय का?”

“रोज, पप्पा. रोज दुखतंय.”

“ही नेगेटिव्ह एनर्जी आहे! कवच फुटेल!” अंकुर ओरडत होता. नोई मध्ये उभी राहिली आणि आयुषच्या ग्लोव्हजच्या गाठी सोडू लागली. सगळे काही उठून गेले नाहीत. सुलेखा मावशी हातातला धागा कुरवाळत बसूनच राहिल्या. पण वुस्टरच्या मुलाच्या कोचने आपली बॅग भरली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ सांगितलं: पहिल्या माराची जखम अजून भरलेली नाही. तशातच दुसरा मार बसला, भले हलका का असेना, तर मेंदू सुजू शकतो. अशी मुलं दगावतात. आई बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला धरून उभी राहिली. पप्पा उपासनाला म्हणाले, “तो आपल्यातला होता ना, म्हणून मी तपासलंच नाही.” तिने त्यांचा हात धरला.

तलवारीची युक्ती सोपी होती. ती एका टोमॅटोने उघडी पडली. खरी भीती त्या दुसऱ्या युक्तीची आहे, जी एका पोराला उलट्या लपवायला शिकवते. नमस्कार करा, गुरूंचे पाय धरा, आईच्या कापडाची पट्टी दंडाला बांधा, त्याने बळ येत असेल तर जरूर बांधा. पण कुणी तुमच्या मनगटाला काही बांधायला आलं, काळं असो की पांढरं, संस्कृतातून असो की पालीतून, परका असो की अगदी आपल्यातला, तर त्याला एकच विचारा: “हे बांधल्यावर मला दुखतंय असं म्हणता येईल का?”

तो नाही म्हणाला, तर धागा कापून टाका. साधी कात्री पुरते.