जांभळ्या रबरात बांधलेली लेझीम

मित्रांनो, दिल्लीत द्वारका नावाच्या वस्तीतल्या एका सोसायटीत, सातव्या मजल्यावरच्या घरात, टीव्हीशेजारच्या खिळ्याला टांगलेली जी दिसते ना, ती मी. मी एक जुनी लेझीम आहे. माझा दांडा हाताच्या घामाने गुळगुळीत झाला आहे. साखळीला लोखंडी चकत्या आहेत आणि त्यांत एकच पितळी. आज मी मजेत आहे. पण मागच्या नाताळच्या सुट्टीत एका संध्याकाळी मला वाजता आलं नाही, आणि त्या वेळी एका लहान मुलीचं सगळं माझ्या वाजण्यावर अवलंबून होतं. ती संध्याकाळ आठवली की अजूनही माझ्या कड्या आवळून येतात.

माझा जन्म साताऱ्याचा. सुताराने दांडा तासला, शेजारच्या लोहाराने साखळी ओवली. त्याने मला एकदा हवेत झटकलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "बोलतीय पोरगी." तेच माझं बारसं. मग मी पद्माकर नावाच्या एका शाळकरी मुलाच्या हातात आले. तो मोठा झाला, त्याला दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी लागली, तेव्हा त्याने ट्रंकेत सदऱ्यांच्या घडीत मला ठेवलं. त्याची आई म्हणाली, "दिल्लीत हे कुणाला दाखवणार आहेस?" पद्माकर म्हणाला, "कुणाला नाही. हाताला सवय आहे."

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझे सुखाचे दिवस गेले. गणपतीत पद्माकर मला घेऊन अंगणात उतरायचा. वरच्या मजल्यावरचे बंगाली, समोरचे तमिळ, खालचे पंजाबी सगळे जमायचे. कुणी विचारायचं, "भाईसाहब, ये कसरत है या डान्स?" पद्माकर धापा टाकत म्हणायचा, "दोनों!" संक्रांतीला मराठी मंडळी बस करून पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जायची. एका वर्षी तिथल्या धुक्यात माझी एक चकती तुटून गवतात पडली, ती मिळालीच नाही. परत येताना पद्माकरने एका टांगेवाल्याला विनवून घोड्याच्या साजावरची पितळी चकती मिळवली आणि मला बसवली. तेव्हापासून माझा आवाज वेगळा झाला. लोखंड छन्न करतं आणि त्याच्या मागून पितळ किणकिणतं. मोठ्या ताफ्यातही मी ओळखू येते.

पुढे पद्माकर निवृत्त झाला. क्वार्टर सुटलं, मुलाच्या, अनिशच्या घरी द्वारकेला बिऱ्हाड आलं. मी गेले माळ्यावर, जुना मिक्सर आणि कूलरची जाळी यांच्यामध्ये. गंज चढला. खाली गणपती आले, गेले. कुणाला माझी आठवण झाली नाही. मित्रांनो, वस्तूला मार लागला तर सोसवतं. विसर पडलेला सोसवत नाही.

मग एक दिवस माळ्याचं दार उघडलं. शहरात नाताळच्या सुट्टीत मोठा कलामेळा भरणार होता. राज्याराज्यांची नाचगाणी, चित्रं, खाणं, सगळं एका मैदानावर. मराठी मंडळाच्या मुलांना लेझीमसाठी बोलावणं होतं आणि त्यांत पद्माकरआजोबांची नात शिवांगी होती. मंडळाने मुलांना नव्या हलक्या लेझिमी आणल्या होत्या. शिवांगीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"मला आजोबांची घुंगरूवाली काठी पाहिजे."

"काठी काय म्हणतेस गं? लेझीम!" आजोबा म्हणाले. त्यांनी मला रॉकेल लावून घासलं, तेलाचा हात फिरवला. मी पुन्हा बोलू लागले.

आजोबा मुलांना शिकवत. ते हलगी वाजवायचे. "हे बघा," ते सांगत, "हलगी विचारते, लेझीम उत्तर देते. हलगीने हाक मारली आणि लेझीम गप्प बसली, असं होता कामा नये. कळलं? कुठेही असा, काहीही करत असा." आणि खरोखरच मुलं खेळता खेळता, खाता खाता हलगीचा ठेका ऐकला की उठून उत्तर द्यायची. शिवांगी तर झोपेतही हात हलवायची.

आता हिच्या आईबद्दल सांगते. रसिका. पुण्याहून लग्न करून दिल्लीत आलेली, शिकलेली, हुशार, आणि सदैव धास्तावलेली. सकाळी डोळे उघडले की आधी हवेतल्या प्रदूषणाचा आकडा बघायची, मग मुलीला मास्क. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी मुलं पळवणाऱ्यांबद्दलचा मेसेज टाकला की तिची झोप उडायची. तिने शिवांगीला नियम घोटून घोटून पाठ करून घेतले होते.

"गर्दीत हात सुटला तर?"

"लपून बसायचं. हलायचं नाही."

"कुणी नावाने हाक मारली तर?"

"ओ द्यायची नाही. नाव कुणालाही कळतं."

"शाब्बास."

अनिश हसायचा. "अगं, मुलगी आहे की गुप्तहेर?" रसिका म्हणायची, "तू हस. तू टूरवर असतोस. इथे मी एकटी बघत असते."

घरी सराव सुरू झाला की खालच्या भल्लाआंटी वर यायच्या. "रसिका बेटा, मेरा तो सर फट गया!" म्हणून रसिकाने एक युक्ती काढली. शिवांगीच्या केसांचा जांभळा मखमली रबर घेतला, माझी साखळी दांड्याशी दाबली आणि वरून वेटोळे घालून घट्ट बांधून टाकली. वाजवायची वेळ आली की सोडायची. माझं तोंड बांधलं म्हणा ना! तिचा हेतू वाईट नव्हता. आईचा हेतू वाईट कधी असतो?

कार्यक्रमाच्या दिवशी मी तशीच बांधलेली मेट्रोत चढले. तपासणीच्या पट्ट्यावरून बाहेर आले तर शिपायाने मला उचललं.

"मैडम, ये क्या है? हथियार?"

"बाजा है, भैया."

"बजता तो है नहीं!"

शिवांगी मास्कच्या आतून म्हणाली, "अंकल, अभी सो रही है." तो हसला आणि त्याने आम्हाला सोडलं. मला मात्र ते लागलं.

मैदानावर धुकं आणि धूर यांची एकच चादर पसरली होती. तिच्यात रंगीत दिवे विरघळल्यासारखे दिसत होते. एकीकडे शाळेची मुलं नाताळची गाणी म्हणत होती, दुसरीकडे मणिपुरी ढोल, मध्येच सांताक्लॉज टॉफ्या उधळत होता. थंडीने हलगीचं चामडं सैल पडलं होतं. आजोबा माकडटोपी सावरत म्हणाले, "रसिका, ही अशी बोलणार नाही. रताळी भाजणाऱ्या त्या शकरकंदीवाल्याच्या शेगडीवर जरा शेकून आणतो." आणि ते गेले.

रसिकाने शिवांगीचा हात घट्ट धरला होता. तेवढ्यात मंडळाचे जयंतकाका धावत आले. "रसिकावहिनी, चला, चला! आपला नंबर आधी घेतलाय!" शिवांगीच्या नऊवारीचा काष्टा सुटला होता. रसिकाने हात सोडला, पर्समधली पिन काढली, दोन्ही हातांनी ती उघडू लागली. एवढंच. तेवढ्यात भांगड्याचा एक मोठा ताफा ढोल वाजवत दोघींच्या मधून घुसला. माणसांचा लोंढा आला. शिवांगी मागे, मागे, आणखी मागे ढकलली गेली. ताफा ओसरला तेव्हा आईही नव्हती आणि ओळखीचं एकही माणूस नव्हतं.

तिने मला छातीशी धरलं. तिचं हृदय माझ्या दांड्यावर धडधडत होतं. तिला नियम आठवला. शेजारी बांबूच्या टोपल्यांचा स्टॉल होता. टेबलावरून जमिनीपर्यंत कापड सोडलेलं होतं. ती त्याच्याखाली शिरली, गुडघे पोटाशी घेतले आणि बसली.

लाउडस्पीकरवरून आवाज आला. "शिवांगी नाम की एक बच्ची, हरी साड़ी में..." ती दचकली. आता तर सगळ्यांनाच तिचं नाव कळलं होतं! ती आणखी आत सरकली. स्वयंसेवक टॉर्च घेऊन फिरू लागले. "शिवांगी! बेटा शिवांगी!" एकजण टेबलापाशी येऊन थांबला. कापडाच्या फटीतून त्याचे बूट दिसत होते. तिने तोंडावर हात दाबला. तो पुढे गेला.

मित्रांनो, मी काय करणार? माझी एक चकती जरी हलली असती तरी त्या माणसाने वाकून बघितलं असतं. पण रबराचे वेढे माझ्या गळ्याभोवती होते.

मग रसिकाचाही आवाज आला. पण ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता, त्यावर मास्क, त्यात ढोल. तो आवाज आईचा वाटेना. शिवांगी पुटपुटली, "आई अशी नाही बोलत." आणि गप्प राहिली. पांढरे बूट अगदी जवळून गेले. ते रसिकाचेच होते. मी ओळखले. त्या अंधारात शिवांगीने डोळे मिटून घेतले होते.

पुढचं मला नंतर आजोबांच्या तोंडून कळलं. रसिका धावत स्टेजपाशी पोचली. जयंतकाका पोलीस, माइक, फोन असं काय काय बोलत होते. "वहिनी, घाबरू नका, अजून जोरात अनाउन्स करू. मिळेल हो!"

"नाही मिळणार," रसिका म्हणाली. "ती हाकेला ओ देणारच नाही. मीच शिकवलंय तिला."

मग ती वळली. आजोबा शेकलेली हलगी घेऊन उभे होते.

"बाबा, ती माणसांना उत्तर देणार नाही. हलगीला देईल. वाजवा. आणि जयंतकाका, ते सगळे ढोल बंद करायला सांगा. हात जोडते."

जयंतकाकांनी माइक घेतला. एरवी लांबण लावणारा माणूस, पण त्या दिवशी दोनच वाक्यं बोलला. "भाइयों, बहनों, एक बच्ची खो गई है. दो मिनट कोई कुछ ना बजाए, कोई कुछ ना बोले." भांगड्याचे ढोल थांबले. मणिपुरी ढोल थांबले. गाणारी मुलं थांबली. एवढ्या मोठ्या मैदानावर धुकं उतरल्याचा आवाज येईल इतकी शांतता पसरली.

आणि हलगी कडाडली.

टेबलाखाली शिवांगीने डोळे उघडले. तिचे हात आपोआप वर आले. तिने मला झटकलं. ठप्प. बस, लाकडावर लोखंड दाबल्याचा मुका आवाज. तो टेबलाच्या कापडापलीकडेही गेला नाही.

हलगी थांबली. उत्तराची वाट पाहून पुन्हा कडाडली, या वेळी जरा घाईने. शिवांगीने रबर ओढला. तो कड्यांत अडकला होता. थंडीने तिची बोटं बधिर झाली होती. "आजोबा, थांबा ना, थांबा," ती रडवेली होऊन पुटपुटत होती. "सुटत नाहीये." तिने मास्क खाली ओढला, दात लावले, जोर केला. मी माझ्या परीने अंग आक्रसून घेतलं. रबर ताणला, ताणला, आणि एका चकतीच्या धारेवर फट्कन तुटला.

तिसऱ्यांदा हलगीने विचारलं. आजोबांचा हात आता थकला असावा, ठेका डगमगत होता.

आणि मी उत्तर दिलं. छन्न! आणि मागून किण.

शिवांगी कापड उडवून बाहेर आली. टोपल्या घरंगळल्या. स्टॉलवालीने "अरे!" म्हणून हात कपाळाला लावला. शिवांगीने कुणाकडे पाहिलं नाही. काष्टा सुटलेला, गाल ओले, आणि ती एकटी त्या वाटेवर पाय टाकून, वाकून, उठून, आजोबांनी शिकवल्याप्रमाणे पूर्ण डाव खेळत होती. हलगी विचारत होती, मी उत्तर देत होते. लोक बाजूला होत गेले. त्या वाटेने रसिका धावत आली.

"हा पितळी आवाज... हीच ती, हीच ती!" एवढंच ती म्हणाली आणि तिने मुलीला माझ्यासकट मिठीत घेतलं. माझा दांडा तिच्या खांद्यात रुतला असेल, पण ती हलली नाही.

"आई, मी ओ दिली नाही," शिवांगी म्हणाली. "कुणालाच नाही. बरोबर ना?"

रसिका मुलीचे केस कुरवाळत राहिली.

थोड्या वेळाने मुलं स्टेजवर चढली. मैदानातल्या प्रत्येकाला आता त्यांतली एक मुलगी माहीत होती. टाळ्या खूप पडल्या. आजोबा वाजवता वाजवता रडत होते आणि माकडटोपीने डोळे पुसत होते.

घरी परतताना मेट्रोत मी मोकळीच होते. गाडी वळली की वाजायचे. समोरच्या बाईंनी कपाळाला आठी घातली. रसिकाने पाहिलं, आणि काहीच केलं नाही.

आता मी माळ्यावर नाही. शिवांगीचा हात पोचेल अशा खिळ्याला आहे. नियम बदललेत. "हात सुटला तर?" रसिका विचारते. "एका जागी थांबायचं आणि आवाज करायचा. खूप!" ती अजूनही सकाळी हवेचा आकडा बघते, अजूनही घाबरते. तेवढं काही सुटणार नाही. खालच्या भल्लाआंटी अजूनही वर येतात. पण बसतात, चहा घेतात आणि म्हणतात, "बजा ले, बेटा, बजा ले. बस मेरे सीरियल के टाइम पे नहीं." तुटलेल्या जांभळ्या रबराला गाठ मारून शिवांगीने तो पुन्हा वेणीला लावला आहे. त्याची जागा तिथेच होती.

मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर, कपाटामागे, कुठेतरी माझ्यासारखं कुणी पडलेलं असेल. त्याला खाली काढा. गंज पुसा, तेलाचा हात फिरवा. आम्हाला जपा, जरूर जपा. फक्त जपताना आमचं तोंड बांधू नका. आणि घरातल्या लहानग्यांचंही.