घर बघताना बोलू नये

बेडगकरांच्या घराला बोललेलं लागतं, हे मला हॉलमध्येच कळलं. मी नुसतं म्हणाले, "उजेड कमीच आहे हो," आणि सकाळी अकरा वाजता हॉलमधला उजेड कमी झाला. खिडकी तेवढीच होती, बाहेर ऊनही तसंच होतं. ते खिडकीच्या गजांपर्यंत येऊन थांबलं.

बेडगकरकाका खुर्चीत बसले होते. सत्तरीचे, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, हातात किल्ल्यांचा जुडगा. घर त्यांचंच, विकायचंही त्यांनाच.

"बघा सावकाश," ते म्हणाले. "फक्त बोलू नका."

आता मला कुणी बोलू नका म्हणावं, म्हणजे झालंच. मिरजेच्या बाजारात मला लांबून बघितलं की भाजीवाल्या पाटीवर पदर ओढून घेतात. आईची शिकवणच तशी. वस्तू आवडली ना, मग आधी तिला नावं ठेव. आवडल्याचं तोंडावर दिसलं की भाव चढलाच म्हणून समज. स्थळ म्हणून हे सांगून आले तेव्हा ह्यांनाही मी आधी नावंच ठेवली होती.

आणि घर तर मला फाटकातून शिरतानाच आवडलं होतं. बावीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढलेली. भिंतीला एक खिळा मारायचा तरी मालकाला विचारा. इथे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर पेरूचं झाड होतं. ते बघून मी पदर खोचला आणि म्हणाले, "ह्या झाडाचा कचरा किती होणार!" लगेच ओट्यावर पानं पडायला लागली.

"नळाला धार नाही." धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग नळ कोरडा.

"फरशीचा उतारही चुकलाय." ओट्याखालचा एक कांदा घरंगळत मोरीपर्यंत गेला.

घाबरले का मी? खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. घर जितकं वाईट तितका भाव खाली. एकदा आपलं झालं की चांगलं बोलू की, चांगलं बोलायला काय पैसे पडतात?

हे, म्हणजे माझे यजमान श्रीरंग, आतल्या खोलीत टेप लावून माप घेत होते. ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात मापं घेण्यात गेली. माणूस इतका सरळ, की दुकानदारानं विचारलं, "वहिनींना आवडली का साडी?" तर हे "हो, फार" म्हणून मोकळे. म्हणून रिक्षातच मी बजावलं होतं, "आत शिरल्यापासून तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. काय बोलायचं ते मी बोलेन."

मी स्वयंपाकघरातूनच काकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि ती आतली खोली म्हणजे अगदीच लहान हो!"

काकांनी किल्ल्या खाली ठेवल्या. "तिथे तुमचे मिस्टर आहेत," ते म्हणाले.

मी धावले. खोलीचं दार माझ्या गुडघ्याएवढं झालं होतं. वाकून पाहिलं, तर आत हे उकिडवे बसलेले, मान छताला टेकलेली, गुडघे छातीशी. चष्मा एका बाजूनं वाकला होता. भिंती अजून पुढे येत होत्या, काहीही घाई न करता. हातातली टेप ह्यांनी सोडली नव्हती. माझ्याकडे बघून हे कसंनुसं हसले, पण ओठ मिटलेलेच ठेवले.

"अहो, बाहेर या ना!"

ह्यांनी दाराकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. मावत नव्हते.

"काका, बोललेलं मागे कसं घ्यायचं?"

"मागे घेता येत नाही. पुढचं बोलायचं."

"मोठी आहे!" मी ओरडले. "चांगली मोठी आहे खोली, ऐसपैस, खूप मोठी!"

सौदा ठरायच्या आधी मी जन्मात पहिल्यांदा चांगलं बोलले, आणि तेही बेतानं नाही. दार उंच झालं. मी आत शिरले, तोवर समोरची भिंत ह्यांना घेऊन लांब निघाली होती. हे मुगाच्या दाण्याएवढे दिसत होते. मी पळत सुटले, पण माझं 'खूप' काही संपेना. मी पळेन तितकी भिंत मागे सरके. शेवटी मला रडू फुटलं. ह्या माणसानं माझा शब्द कधी मोडला नाही, आणि मी त्याला कुठे नेऊन घातलं!

मागून, दारातून काका म्हणाले, "कमी करू नका, वाढवू नका. जेवढी आहे तेवढी म्हणा."

मला कुठे माहीत होतं केवढी आहे? मापाकडे मी कधी बघितलंय? माप ह्यांच्याकडे.

"अहो!" मी जीव खाऊन ओरडले. "बोला! माझी शपथ आहे तुम्हाला, काय असेल ते खरं खरं बोला!"

मग लांबून, साहेबांना सांगावं तसा आवाज आला, "अकरा फूट बाय साडेदहा."

खोली अकरा फूट बाय साडेदहा झाली. हे माझ्यापुढे हातभर अंतरावर उभे होते, टेप गुंडाळत. मी त्यांची बाही घट्ट धरली. परक्यांसमोर मी असं कधी करत नाही. "चला आधी बाहेर," एवढंच मला म्हणता आलं.

हॉलमध्ये आलो. काका उठून उभे राहिले. "मग? काय ठरलं?"

मी ह्यांचा दंड दाबला. पण शपथ मीच घातली होती, आणि हा माणूस शपथ अर्धीमुर्धी पाळणाऱ्यांतला नव्हे. चष्मा सरळ करत हे अगदी मनापासून म्हणाले, "खरं सांगू का काका, हिनं कितीही नावं ठेवली तरी हिला घर फार आवडलंय. फाटकातच डोळे भरले होते हिचे, मी बघितले. ही आता जन्मात इथून हलायची नाही."

बावीस वर्षांत ह्यांनी माझ्याबद्दल इतकं कुणाला सांगितलं नव्हतं. मला खरंच भरून आलं. काका मात्र माझ्याकडे बघेनात. ते खाली फरशीकडे बघत राहिले.

हे उंबरा ओलांडून बाहेर गेले, स्वतःच्या चपला घातल्या, माझ्या उचलून सरळ करून ठेवल्या. "चल गं," म्हणाले. मी पाऊल उचलायला गेले, ते उचलेना. फरशी गार होती, घोट्यांच्या वरपर्यंत.